सातबाऱ्यावर बाईचं नाव : वाचकांचे प्रश्न

जमीन आणि घर या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावावरची वहिवाट खातेदारांच्या संख्येने सुमारे १४ टक्के होती. शेतात राबणाऱ्या बायका किती, हे ज्याचे त्याने आठवावे. उत्तरे हिंदू वारसा कायद्याला धरून आहेत. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू होतो. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी वाचकांचे वारसा नियम वेगळे आहेत. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही. मात्र केवळ स्त्री आहे म्हणून आदिवासी वारसाला वाटा नाकारणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे.

वडील गेले. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. ‘तुझ्या लग्नात खर्च झाला, तोच तुझा वाटा,’ असं म्हणतो. नाही म्हटलं तर माहेर तुटेल. काय करू?

लग्नाचा खर्च वाट्यातून वजा होत नाही. कायद्यात तशी सोय नाही आणि भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कोणी कापलेला आम्ही ऐकलेला नाही.

पण तुमचा खरा प्रश्न माहेराचा आहे, म्हणून त्याचेच आधी बोलू. सही म्हणजे सगळे सोडणे आणि नकार म्हणजे कोर्टकचेरी, असे दोनच रस्ते नसतात. सातबाऱ्यावर तुमचे नाव लागले म्हणून दुसऱ्या दिवशी बांध पडत नाही. नाव राहू द्या, कसायचे भावाला कसू द्या. सहहिस्सेदार नुसता शेत कसत राहिला म्हणून बाकीच्यांचा हक्क बुडत नाही. त्यासाठी त्याने तुमचा हक्क उघडपणे नाकारून बारा वर्षे ताबा ठेवलेला असावा लागतो. भावाची एक अडचण मात्र खरी असते: नावे वाढली की पीककर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात. तेवढ्यापुरते दरवर्षी संमतीपत्र द्या. त्यात कर्जाची रक्कम आणि वर्ष लिहिलेले आहे ना, तुमच्या हिश्श्यावर किती बोजा चढतोय, हे बघून मगच सही करा. आणखी एक गोष्ट बहिणींना कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. माहेरच्या पाच गुंठ्यांनीही तुम्ही स्वतःच्या नावाने शेतकरी ठरता.

विचार करून सोडायचेच ठरवलेत तर तो तुमचा निर्णय. पण कागद आधी घरी आणून वाचा. ‘मिळकतीचे वर्णन’ या भागात कोणकोणते गट क्रमांक आहेत ते बघा. ‘विहिरीजवळच्या तुकड्यापुरती सही’ म्हणून नेतात आणि वर्णनात गावातले सगळे गट, शिवाय घराची जागा असते. मोबदल्याच्या ओळीत ‘रोख मिळाले, तक्रार नाही’ असे असेल आणि हातात साडीच पडली असेल, तर तो कागद खोटे बोलतो आहे. कागदाचे नाव कुलमुखत्यारपत्र असेल तर जास्त जपा. त्याच्या जोरावर तुमच्या वाट्याची विक्रीही होऊ शकते.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे लागते. साध्या कागदावरच्या किंवा नोटरीपुढच्या सहीने जमिनीचा हक्क सुटत नाही. नोंदवलेले असेल तर मात्र मोडणे अवघड. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. ‘महिनाभराने बघू’ म्हटल्याने कायद्याने काहीही बिघडत नाही.

वडील जिवंत आहेत. माझं लग्न १९९० साली झालं. २००५ चा कायदा मला लागू होतो का? आणि वाटा नेमका किती?

लागू होतो. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच वाटेकरी, केले होते, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या दुरुस्तीत, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, ती अट नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील जिवंत असण्याचीही गरज नाही. अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी, कोर्टाचा वाटपाचा हुकूम किंवा विक्री झाली असेल तर ती उलटत नाही. ‘आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती’ हे भावांचे ठेवणीतले उत्तर. सरकारी दप्तराचा भक्कम पुरावा असल्याशिवाय ते टिकत नाही.

आता हिशोब. पाच एकर म्हणजे २०० गुंठे वडिलोपार्जित जमीन. आई, वडील, दोन मुलगे, दोन मुली. वडील मृत्युपत्र न करता वारले. जुन्या पद्धतीत आधी आई, वडील आणि दोन मुलगे यांचे पन्नास-पन्नास गुंठे धरायचे. मग वडिलांचे पन्नास पाच वारसांत वाटायचे, प्रत्येकी दहा. मुलीला दहा गुंठे, मुलाला आणि आईला साठ-साठ. नव्या पद्धतीत मुली पहिल्या पायरीवरच बसतात, त्यामुळे शेवटी पाचही जणांना चाळीस-चाळीस गुंठे येतात. गावात कोणी ‘मुलीचं दहा गुंठ्यांत भागतं’ म्हणाले, तर तो जुना हिशोब सांगतो आहे असे समजा.

‘वडिलोपार्जित’ हा शब्द मात्र जपून वापरा. १९५६ नंतर आजोबा वारले आणि त्यांची स्वतःची जमीन वारसाने वडिलांकडे आली, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत धरली जाते. स्वकष्टाची आणि अशी स्वतंत्र मिळकत यांवर वडील हयात असेपर्यंत ना मुलीचा हक्क, ना मुलाचा. ते मृत्युपत्राने ती कोणालाही देऊ शकतात. म्हणून आधी जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावे कधी, कशी बदलली याच्या नोंदी, काढून जमीन कुठून कशी आली हे बघावे. निम्मे दावे इथेच लंगडे पडतात.

वडील वारल्यावर भावांनी वारस नोंद केली. आम्हा तिघी बहिणींची नावंच नाहीत. तीन वर्षांनी कळलं.

होते ते असे. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र लागते. प्रतिज्ञापत्रातल्या वंशावळीत बहिणी लिहिल्याच जात नाहीत. फेरफाराची नोटीस सर्व हितसंबंधितांना देऊन हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे असते, पण जी वंशावळीत नाही तिला नोटीस कशी जाणार? जिचे नाव आहे तिची नोटीसही माहेरच्या पत्त्यावर जाते आणि भाऊच ती घेतो. हरकत आली नाही म्हणून मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

क्रम असा ठेवा. सातबारा काढा, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यावरचा फेरफार क्रमांक घेऊन गाव नमुना ६ ची नक्कल मागा आणि तिच्याबरोबर प्रतिज्ञापत्र, नोटीस बजावल्याची पाने यांचीही. हीच पाने पुढे तुमचा पुरावा. मग जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. मुदत साठ दिवसांची आहे, ती उलटली असल्याने अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि नोंद कधी, कशी कळली ते तारखेसह लिहा. ‘माहीत नव्हते’ एवढे मोघम लिहिलेले अर्ज फेटाळले जातात.

महसूल अधिकारी नोंद दुरुस्त करतो, मालकी ठरवत नाही. फेरफाराने हक्क मिळत नाही तसा जातही नाही. भाऊ वाटा नाकारत असतील तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागेल. जमीन विकली जाण्याची भीती असेल तर त्याच दाव्यात मनाई हुकूम मागा. दुय्यम निबंधकाला हरकतीचे पत्र देऊन अनेकजणी निर्धास्त बसतात. त्या पत्राने दस्त थांबेलच असे नाही. थांबवतो तो कोर्टाचा हुकूम. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

माझं नाव सातबाऱ्यावर आहे, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात. चालतं ना?

चालवून घेऊ नका. मालक भोगवटादारांच्या रकान्यात असतो. ‘इतर हक्क’ हा बोजे, कुळे, विहिरीतले पाणी, वाट यांचा रकाना. पूर्वी मुलगे भोगवटादार आणि आई, बहिणी इतर हक्कात, अशी वाटणी तलाठी डोळे मिटून करत. त्याचा तोटा विक्रीच्या वेळी कळतो: घेणारा वरची नावे बघतो आणि त्यांच्याच सह्या घेतो. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून एकट्या भावाचे नाव असेल तिथेही हाच धोका. ज्या फेरफाराने नाव तिथे गेले त्याची नक्कल काढा. त्यात तुम्ही वारस म्हणून असाल आणि फक्त रकाना चुकला असेल, तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. भावांनी हरकत घेतली तर तो लेखनप्रमाद, म्हणजे नुसती लिहिण्यातली चूक, राहत नाही, मग वर सांगितलेले अपील.

नवरा अपघातात गेला. मी पुन्हा लग्न केलं तर त्याच्या जमिनीतला माझा वाटा जाईल, असं दीर म्हणतात.

जात नाही. वारसा नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी उघडतो आणि तेव्हा आलेला वाटा हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पूर्णपणे तुमचा. पुनर्विवाहाचा अडसर घालणारे जुने कलम २४ देखील २००५ मध्ये काढून टाकले. वारस नोंद मात्र लगेच करून घ्या.

नवऱ्याची इच्छा आहे की जमिनीवर माझंही नाव लागावं. बक्षीसपत्र करावं लागेल का?

गरज नाही. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि १९९२ साली शासनाने तिला निर्णयाचे रूप दिले. नवऱ्याने स्वतःच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करायचा. ‘अशी योजना बंद झाली’ असे कार्यालयात सांगितले तर अर्ज आवक करून पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर हवी. सामाईक खात्यात ही गाडी अडते.

नवीन घर घेणाऱ्यांसाठी जाता जाता: एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घराचा दस्त फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचे नाव जोडले की सवलत जाते.

सासऱ्यांच्या नावावरचं घर. नवरा दुसरीकडे राहतो आणि सासरे मला बाहेर काढतायत.

कायदेशीर कारवाईशिवाय काढता येत नाही. घर सासऱ्यांचे असले तरी तुम्ही तिथे संसार केला असेल तर ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ‘सामाईक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवले. ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊनही हा हक्क सरसकट पुसता येत नाही. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. न्यायालय त्याऐवजी दुसरे घर किंवा भाडे देण्याचाही हुकूम करू शकते.

संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज करा. कायदा साठ दिवसांत निकालाची अपेक्षा ठेवतो, प्रत्यक्षात वेळ जातो. म्हणून त्याच दिवशी कलम २३ खाली अंतरिम हुकूम मागा. तिथे राहत असल्याचे पुरावे, म्हणजे रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, मुलांच्या शाळेच्या नोंदी, यांच्या प्रती घराबाहेर ठेवा. कुलूप बदलले की आतले कागद मिळत नाहीत.

माझ्या कमाईचा फ्लॅट आहे. मूल नाही, नवरा हयात नाही. माझ्यामागे तो आई-वडिलांना जाईल ना?

नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वकमाईची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांना, म्हणजे सासू, दीर, पुतणे यांना जाते; आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. सोसायटीत आईचे नामनिर्देशन केले असले तरी नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांसाठी सांभाळणारी असते. उपाय एकच: मृत्युपत्र. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला मिळकत द्यायची त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दिरांशी वाद होईल असे वाटत असेल तर जरूर करा.