रोज सेल्फी टाकणारी मुलगी आत्ममग्न असते का?

तुमची बहीण सारखे सेल्फी टाकते म्हणून घरचे तिला 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेली, म्हणतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. फोटो मोजून हे ठरत नाही. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मोठेपणा मिरवण्याचा सोशल मीडियाच्या जास्त वापराशी संबंध निघाला, पण क्षीण. आणि फोटो टाकून माणूस तसा होतो की मुळात तसा असलेलाच जास्त टाकतो, हे त्यातून कळत नाही.

माझ्या लेकीला हाच शब्द भर पंगतीत ऐकावा लागला. गणपतीला सगळे जमलो होतो. थोरले दीर म्हणाले, "रंकाळ्यावर तोंड वाकडं करून फोटो काढत बसते, डॉक्टरला दाखवा हिला." पोर ताटावरून उठली.

हेच दीर ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूरच्या महापुरात आमच्याबरोबर मदत वाटायला आले होते. चिखली-आंबेवाडी पाण्यात, शिरोलीजवळ हायवे बंद, माणसं जागा मिळेल तिथं राहिलेली. यांनी एका आजीला चादर दिली. फोटो हलला म्हणून ती परत घेतली, पुन्हा दिली, "आजी, इकडं बघा." ओल्या लुगड्यातली ती बाई नातवाला ताप आहे म्हणून सांगत होती, ते यांनी ऐकलंच नाही. रात्री फोटो सगळ्या ग्रुपवर, आणि कुणी काही बोललं नाही म्हणून सकाळी चिडचिड. त्या पोराला औषध मिळालं ते माझ्या लेकीमुळं. सेल्फीच्या त्याच फोनवरून ती कुठं काय हवंय ते टाकत होती.

नार्सिसिस्ट असणं हा विकार ठरवायला मनोविकारतज्ज्ञ नऊपैकी किमान पाच लक्षणं बघतात. कौतुकाची हाव, आपलाच हक्क समजणं, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नसणं ही त्यातली. सेल्फी त्या यादीत नाही. बहिणीचं बघायचंच असेल तर ती दुसऱ्याचं ऐकून घेते का ते बघा.

अर्थात एका चादरीवरून दीरांनाही आजार चिकटवता येणार नाही, ते तज्ज्ञाचं काम. आणि लाइक कमी पडले म्हणून बहीण रडत असेल, झोप उडाली असेल, तर तिच्याशी नीट बोला.

पण चारचौघांत कुणी तिला तो शब्द लावला तर तिथंच अडवा. मी दीरांना त्याच पंगतीत चादरीची आठवण दिली. तेव्हापासून ते आमच्याकडं जेवायला येत नाहीत. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.