झिणझिण्या गेल्या, मग आता काय प्रॉब्लेम?

प्रश्न : भाऊ, आम्ही मानेवाड्याला भाड्याने राहतो. यंदा कूलर काढला तर पाणी भरताना हाताला झिणझिण्या यायच्या. वायरमनला बोलावलं तर तो म्हणे या घरात अर्थिंगच नाही, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी वायरच नाही, अन् त्याने बोर्डातच न्यूट्रलवरून (करंट परत नेणाऱ्या वायरवरून) एक वायर अर्थिंगच्या भोकाला जोडून दिली, झिणझिण्या बंद. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटन) पण आहे. आता भीती नाही नं?

उत्तर : ताई, आधी कूलरचा प्लग काढून या, मग पुढचं वाचा. नुसतं बटन बंद करून भागत नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये बटन न्यूट्रलवर असतं अन् फेज (करंट आणणारी वायर) तसाच आत बसून राहतो.

त्या वायरमनने केलेला जोड पहिले काढून घ्या. झिणझिण्या गेल्या हे खरं, पण उद्या तो न्यूट्रल मागे कुठे ढिला झाला किंवा तुटला तर मोटरमधून गेलेल्या करंटला परत जायला रस्ताच नाही, मग तो तुमच्या त्याच जोडातून कूलरच्या लोखंडी बॉडीवर येतो, 230 व्होल्ट, मोटर एकदम चांगली असतानाही. अन् बाप्पा, तेव्हाच पंखा बंद पडतो, म्हणजे काय झालं ते बघायला आपण हात लावणारच!

एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. 16 अँपिअरची एमसीबी, अन् माणसाच्या जिवाला मिलिअँपिअरमधला करंट पुरतो, तिला तो कळतही नाही. बरं, खरं अर्थिंग केलं तरी मे महिन्यात जमीन वाळते, समजा अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) 20 ओहम झाला तर 230 भागिले 20 म्हणजे साडेअकरा अँपिअर, एमसीबी ढिम्म. म्हणून सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजेच, ती जाणारा अन् परत येणारा करंट ताडून पाहते, फरक पडला की लाइन तोडते. अर्थिंग असेल तर गळती झाल्याझाल्या तोडेल, नसेल तर कोणी हात लावल्यावर, झटका खाऊन.

घरमालक कुरकुर करतील, तरी खरं अर्थिंग अन् आरसीसीबी दोन्ही करून घ्या. अन् झिणझिण्या मुळात आल्या कुठून तेही बघायला लावा, बहुतेक वेळा पाण्यात बुडालेल्या टिल्लू पंपाचं (कूलरमधलं पाणी वर चढवणाऱ्या छोट्या पंपाचं) इन्सुलेशन गेलेलं असतं. पंप स्वस्तात येतो, बदलूनच टाका. तोवर पाणी भरायचं ते प्लग काढूनच, अन् पोरांना कूलरजवळ ओल्या पायानं फिरू देऊ नका.