वाचक विचारतात : उंबरठ्याबाहेर थांबलेला पाहुणा

प्रश्न : कथा-कादंबऱ्यांतील आणि चित्रपटांतील व्हॅम्पायरांपैकी आपले आवडते पात्र कोणते? आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून दोन तट पडले असून दुसऱ्या तटाच्या मते ड्रॅक्युला आता जुना झाला. (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : माझे मत ड्रॅक्युलाच्याच पारड्यात टाका, मात्र ते पडद्यावरच्या ड्रॅक्युलाला नाही. १९३१ सालचा बेला लुगोसी आणि १९५८ सालचा क्रिस्टोफर ली या दोघांमुळे काळा झगा पांघरलेला, रुबाबदार, चापूनचोपून केस बसवलेला उमराव सर्वांच्या डोळ्यांसमोर बसला आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या मूळ कादंबरीत पहिल्या भेटीत दिसतो तो मात्र लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा असून त्याच्या तळहातांवरही केस आहेत. जोनाथन हार्कर हा इंग्रज वकील त्याच्या वाड्याच्या दाराशी येतो, तेव्हा म्हातारा त्याला ओढून आत घेत नाही. स्वखुशीने आत या, असे म्हणून तो दारातच उभा राहतो. पुढे हार्करला दाराच्या बिजागरीजवळच्या फटीतून दिसते, की हा उमराव स्वतःच जेवणाचे टेबल मांडतो आहे. अंथरूणही तोच घालतो. एवढ्या मोठ्या वाड्यात नोकर एकही नाही, म्हणजे रात्री आपल्याला घाटातून घेऊन आलेला गाडीवानसुद्धा हाच होता, हे त्या क्षणी हार्करच्या ध्यानात येते. सुळे आणि रक्त यांनी मला कधी फारशी धडकी भरली नाही, पण पाहुण्याला आग्रहाने वाढणारा आणि स्वतः कधीच ताटावर न बसणारा हा यजमान माझ्या डोक्यातून जात नाही. पाहुण्याबरोबर चार घास खाल्ल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशा आपल्या मराठवाड्यातील वाचकांना त्यातली खोच वेगळी सांगायला नको.

दुसऱ्या तटाला जुन्याचेच वावडे असेल, तर माझी दुसरी निवड त्यांना अधिकच खटकेल, कारण ती ड्रॅक्युलाहून पंचवीस वर्षांनी जुनी आहे. शेरिडन ले फानू यांची कार्मिला १८७२ च्या कथासंग्रहात आली. बग्गी उलटते, घाईत असलेली आई मुलीला तीन महिन्यांसाठी जवळच्या गढीत ठेवून निघून जाते, आणि घरात एकट्या वाढलेल्या लॉराला मैत्रीण मिळाली म्हणून सगळे आनंदतात. संकट दार फोडून येत नाही, त्याला माजघरात खाट टाकून दिली जाते. नव्यांपैकी मी एकच नाव घेईन, ते २००८ च्या स्वीडिश चित्रपटातील एलीचे. ‘आत ये’ असे कोणी म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात शिरता येत नाही, हा जुना नियम तेथे ऑस्कर नावाचा मुलगा गमतीने मोडून पाहतो. तो बोलवत नाही, एली तरीही आत येते, आणि तिच्या अंगातून जागोजागी रक्त पाझरू लागते. घाबरून तो ‘ये’ म्हणतो. एवढ्याशा शब्दाला इतके वजन दुसऱ्या कोणत्याही व्हॅम्पायरपटात आल्याचे मला आठवत नाही.

प्रश्न : उन्हात ड्रॅक्युला जळून का जात नाही? कादंबरीत तो दिवसा फिरतो, ही भाषांतराची चूक आहे का? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : चूक नाही. स्टोकर यांचा ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. दिवसा त्याची शक्ती तेवढी उणावते. शेवटी तो मरतो तोही मावळतीच्या तोंडावर आणि सुऱ्यांनी, त्यांतील एक तर चक्क कुकरी आहे. उन्हाने विरून जाण्याची कल्पना १९२२ च्या ‘नोसफेराटू’ या जर्मन मूकपटाने रूढ केली. तो स्टोकर यांच्या पत्नीच्या परवानगीवाचून काढलेला असल्याने न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता, परंतु काही प्रती वाचल्या आणि उन्हाचा नियमही वाचला.

प्रश्न : विक्रमाचा वेताळ व्हॅम्पायर म्हणावा का? (एक वाचक, पैठण)

उत्तर : रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये या कथा इंग्रजीत नेताना वेताळाला व्हॅम्पायर म्हटले खरे, पण तो रक्ताच्या वाटेला जात नाही, प्रेतात शिरून बसतो आणि गोष्टी सांगतो. आपण पैठणहून विचारता म्हणून मुद्दाम सांगतो, की सोमदेवाच्या अकराव्या शतकातील कथासरित्सागरात वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्याच गावचा आहे. ड्रॅक्युलाला आत घेण्यापुरते बोलावे लागते. येथे बोलले की पाहुणा निसटून पुन्हा झाडावर. राजा अखेर गप्प राहतो तो केवळ एका कोड्यापाशी : मुलीशी बापाने आणि तिच्या आईशी त्याच्या मुलाने लग्न केले, तर त्यांच्या लेकरांचे एकमेकांशी नाते काय? लग्नमांडवात बसल्या बसल्या सात पिढ्यांची सोयरीक जुळवणाऱ्या आमच्या आत्याबाईंना मी हे विचारले होते. त्यांनी बोटे मोजली, दोनदा पदर सावरला आणि चहाचे काय झाले ते पाहायला आत निघून गेल्या.