घराजवळच्या शेवग्यावर काळी-तांबडी-काळी मुंगी दिसते. कोणती असेल? विषारी आहे का?

तुम्ही लिहिलंय की डोकं काळं, मधला भाग विटकरी आणि मागचा भाग परत काळा, मुंगळ्यापेक्षा सडपातळ, रांग न करता एकेकटी खोडावर फिरते, आणि आजींना "चावली" तर हात संध्याकाळपर्यंत ठणकत होता. एवढं वर्णन असेल तर माझा कौल टेट्रापोनेरा रुफोनायग्राला. नावातच तिचा रंग आहे: लॅटिनमध्ये रुफो म्हणजे तांबूस आणि नायग्रा म्हणजे काळी. १८५१ साली जेर्डन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. पक्षी बघणाऱ्यांना 'जेर्डनचा धाविक' माहीत असेल, तोच हा जेर्डन.

खात्री करायची तर आधी लांबी बघा. ही १० ते १३ मिलिमीटर भरते, म्हणजे तांदळाच्या दीड-दोन दाण्यांएवढी. मग मोबाइलवर बाजूने फोटो काढा आणि कमरेपाशी मोठा करून पाहा. हिच्या कमरेला एकामागे एक दोन गाठी दिसतील. मुंगळ्याला एकच असते. डोळेही चांगले मोठे असतात. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना आम्ही कोकणात ओंबील म्हणतो, त्या अंगभर नारिंगी असतात आणि सगळ्या फौजेनिशी अंगावर येतात. तुमची ती नव्हे.

आता विषाचं. मुंगळा किंवा ओंबील नुसती चावते आणि जखमेवर आम्ल सोडते. ही मात्र गांधीलमाशीसारखी मागच्या टोकाने डंख मारते. मला अनुभव आहे. कपडे वाळत घालायची दोरी आंब्याला बांधत होतो, हात खोडावर टेकला आणि करंगळीत कोणी तापलेली सुई खुपसावी तसं झालं. आईने चुना लावला. त्याने काय झालं देव जाणे, मला आराम पडला तो बर्फाने. बहुतेकांचं दुखणं-सुजणं एवढ्यावरच भागतं. पण अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. या मुंगीच्या डंखाने तीव्र ॲलर्जी झाल्याची उदाहरणं आहेत.

रॉकेल किंवा फवारा मारायच्या फंदात पडू नका. ती घरात साखरेवर यायची नाही, वाळक्या पोकळ लाकडात राहते आणि बारीकसारीक किडे धरते. शेवग्याची एखादी वाळकी फांदी असेल तर तीच तिची वसाहत असण्याची शक्यता जास्त. फांदी छाटायचीच असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. खालून हाताने ओढू नका, नाहीतर सगळ्या मानेत पडतील.

एक गंमत सांगायची राहिली. पाय मोजून पाहिलेत का? आठ निघाले तर ती मुंगीच नाही, मुंगीचं सोंग घेतलेला कोळी आहे. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे हलवत चालतो, त्यामुळे पटकन सहाच वाटतात. काडीने हलकेच डिवचा. धागा सोडून खाली लोंबकळला, तर आजींना डंख मारणारी दुसरीच कोणीतरी होती.