चार सेकंदांचं कौतुक

प्रिय,

सिम्युलेटरमध्ये इंजिनाला आग लागल्याची बेल वाजली आणि तू चार सेकंदांत इंजिन बंद केलंस, हे पत्रात दोनदा लिहिलं आहेस. इन्स्ट्रक्टरनं 'घाई' असा शेरा मारला, तो तुला झोंबलाय. रागावू नकोस, पण शेरा बरोबर आहे.

८ जानेवारी १९८९. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनातल्या पंख्याचं पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, कॉकपिटमध्ये जळका वास आला. कॅप्टनच्या गाठीशी उड्डाणाचे १३ हजारांहून जास्त तास होते आणि तेच त्याला नडले. केबिनची हवा मुख्यतः उजव्या इंजिनातून येते, हे जुन्या विमानांचं गणित त्याच्या डोक्यात होतं. नव्या मॉडेलमध्ये ते लागू नव्हतं. कोणतं इंजिन, असं त्यानं विचारलं तेव्हा सहवैमानिक 'डा...' म्हणत थांबला आणि मग म्हणाला, 'उजवं'.

उजव्याचा थ्रॉटल (इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा) मागे घेतला आणि थरथर कमी झाली, वासही ओसरला. खरं तर त्याच वेळी ऑटोथ्रॉटल, म्हणजे ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बंद केल्यामुळे डाव्या इंजिनाला जाणारं इंधन घटलं होतं. पण हवं तेच उत्तर समोर आल्यावर कोण कशाला पुन्हा तपासतो? मग चांगलं चालणारं उजवं इंजिन बंद झालं. प्रवाशांपैकी काहींनी डावीकडच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. कॅप्टननं उजव्या इंजिनात बिघाड असल्याची घोषणा केली तेव्हा तेही गप्प राहिले. (आपणही राहिलो असतो. विमानात साहेबाला कोण टोकणार?) पुढे कॅप्टननं घडलेलं सगळं पुन्हा पडताळायला सुरुवातही केली होती, पण मध्येच रेडिओवर बोलावणं आलं आणि ते तसंच राहिलं. धावपट्टीजवळ येताना डावं इंजिनही गेलं. विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळलं. १२६ जणांपैकी ४७ गेले.

अनुभव म्हणजे मनात येणारा पहिला अंदाज. तो बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि म्हणूनच घात करतो. प्रशिक्षण म्हणजे त्या अंदाजावरून हात चालण्याआधी लागणारा ब्रेक.

न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर २००९ मध्ये विमान उतरवलं, त्यात सगळे कॅप्टन सलेनबर्गरचंच नाव घेतात. मला तिथे सहवैमानिक स्काइल्स जास्त आठवतो. विमान चालवत होता तोच. पण पक्षी आदळल्यावर कॅप्टननं सुकाणू स्वतःकडे घेतलं आणि चेकलिस्ट, म्हणजे संकटात करायच्या गोष्टींची यादी, स्काइल्सवर सोपवली, कारण त्या एअरबस ए३२० विमानाचं प्रशिक्षण त्यानं नुकतंच संपवलं होतं. एकूण तास त्याच्याकडेही भरपूर होते, या विमानावरचे मात्र जेमतेम ३७. कॅप्टननं तरी कुठे यादीचा क्रम पाळला? एपीयू, म्हणजे वीज पुरवणारं छोटं सहायक इंजिन, त्यानं पानं उलटण्याआधीच सुरू केलं. कोणता नियम आधी आणि कोणता मागे, ते कळायला तास लागतातच.

तुझ्याकडे ते तास अजून नाहीत, म्हणून तुझं काम सोपं आहे. शनिवारच्या सेशनला बेल वाजली की आधी विमान सरळ ठेव. मग हात इंजिन बंद करायच्या लिव्हरवर ठेव, इंजिनाचं नाव मोठ्यानं घे आणि जोडीदार गेज बघून 'कन्फर्म' म्हणेपर्यंत ओढू नकोस. तो न बघताच म्हणाला, तर पुन्हा विचार. किती सेकंद लागले ते मला कळव. दहा लागले तरी चालतील.

तुझा,
काका