प्रती हाती आल्याशिवाय प्रकाशनाची तारीख ठरवू नका

आपले आणि आपल्या चित्रकार भावाचे किनाऱ्यावरील पक्ष्यांविषयीचे पुस्तक अजून कोल्हापुरात छपाईला आहे, वेंगुर्ल्यात २४ मे रोजी प्रकाशन ठरले आहे, आणि पाहुणा कोण असावा व प्रसिद्धी कशी करावी, असे आपण विचारले आहे. हे वाचून मला आमचाच मे महिना आठवला, म्हणून सविस्तर लिहिते. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), किंमत, बांधणी हे सारे आपण पाहिलेच असेल, त्यात शिरत नाही. माझा अनुभव एकाच पुस्तकाचा आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

मी आणि माझ्या मावसबहिणीने मालवणच्या शंखशिंपल्यांवर एक सचित्र पुस्तक काढले होते. मजकूर माझा, चित्रे तिची, पैसे दोघींचे. पाहुण्यांना मे महिन्यातला एकच रविवार मोकळा होता, म्हणून पुण्यातल्या बांधणीवाल्याने ‘होऊन जाईल’ म्हणताच आम्ही निमंत्रणपत्रिका छापून मोकळ्या झालो. पाचशेपैकी पाच प्रती ओळखीच्या माणसाबरोबर रातराणीने आल्या. त्या चकचकीत कागदात गुंडाळून व्यासपीठावर सोडवल्या गेल्या, टाळ्या झाल्या, आणि सव्वाशे माणसे, त्यांतली निम्मी सुट्टीवर आलेली चाकरमानी मंडळी, विक्रीच्या टेबलापाशी आली तेव्हा तिथे फक्त एक वही आणि पेन होते. वहीत ६८ नावे आली. प्रत्यक्षात पुस्तक घेतले त्यांतल्या ११ जणांनी. समारंभाचा खर्च, भाषणे, वर्तमानपत्रातला फोटो, सगळे त्या रिकाम्या टेबलावर वाया गेले.

उरलेले गठ्ठे ज्या मालवाहतूक कार्यालयातून यायचे होते, तिथे सतरा दिवस रोज ‘उद्या गाडी लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. माल कुठे आहे हे सांगण्याची तसदी कुणी घेतली नाही, आणि पावती दाखवली की ‘ही बुकिंगची आहे, पोचेची नाही’ म्हणून परत करत. शेवटी गठ्ठे आले ते पहिल्या पावसात, ताडपत्रीविना. चित्रांसाठी आम्ही आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेला कागद, वापरला होता. तो भिजला की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्राचा रंगच निघून येतो. बहीण पातळ सुरीने कवड्यांचे पान सोडवू पाहत होती, ते मला अजून दिसते. अशा ४३ प्रती टाकून द्याव्या लागल्या.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे, ते काहींना पटणार नाही: आपल्याकडे पुस्तकाची प्रसिद्धी म्हणजे समारंभ नव्हे, माणसे गावात असताना प्रत समोर असणे होय. मे अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीवाहतूक बंद होते, पर्यटक ओसरतात, चाकरमानी मुंबईला परततात. पुढे गणपतीपर्यंत ग्राहकच नाही. गणपतीत माणसे असतात, पण आरत्या आणि भजनांच्या धांदलीत सभेला कुणी येत नाही. तेव्हा घरोघरी दाखवलेली प्रत मात्र खपते. आमच्या सर्वाधिक प्रती दिवाळीत, पाडव्याला रामेश्वर-नारायणाच्या पालखीच्या दिवशी, बाजारातल्या एका कापडदुकानाच्या पायरीवर विकल्या गेल्या. बहीण तिथेच बसून मुलांना शिंपला काढून दाखवत होती. चित्रकार सोबत असणे हे आपले मोठे भांडवल आहे, भावाला घरी ठेवू नका.

वाचनालयांना पत्र पाठवून थांबू नये, प्रत घेऊन स्वतः जावे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. अशा ठिकाणी ग्रंथपालाशी अर्धा तास बोलणे म्हणजे पुढे दहा वाचकांशी बोलणे. ‘सप्रेम भेट’ मात्र आवरा. आम्ही नातेवाइकांत साठ प्रती वाटल्या आणि त्यांतल्या बहुतेक न उघडता कपाटात गेल्या. जाता जाता, आपण स्वतःच प्रकाशक असाल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. तेवढ्या आधीच बाजूला काढाव्यात.

पाहुण्यांना आजच फोन करून तारीख दिवाळीनंतर ढकलता येते का पाहा. ते नाराज झाले तर दुसरे मिळतील. गठ्ठे मात्र पावसाआधी स्वतः गाडी करून कोल्हापुराहून आणा, आणि घरी आल्यावर जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.