गोलीची हद्द

प्रश्न : सर, माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात गोली खेळते. शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये एकाच सामन्यात दोन्ही बाजूंच्या गोलींनी गोल मारले, असं तिनं कुठंतरी वाचलं. तिचा भाऊ म्हणतो, थापा आहेत. रोज जेवताना यावरून भांडण. खरं काय? आणि त्यातला स्कॉटलंडकडून खेळलेला तो गोली, त्याचं पुढं काय झालं?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, पोरगी जिंकली. एक पोळी जास्त वाढा तिला.

साल १९१०. ग्लासगोचा थर्ड लानार्क विरुद्ध मदरवेल. इकडचा गोली जिमी ब्राउनली, तिकडचा कॉलिन हॅम्प्टन. दोघांनीही गोल केला. मुलाला हे खोटं वाटतं, कारण त्याच्या डोक्यात आजचा नियम आहे. त्या काळी गोलीला आपल्या अर्ध्या मैदानात कुठंही चेंडू हाताळता यायचा. हातात धरून दोन पावलांपलीकडं पळायला बंदी होती, पण जमिनीवर आपटत आपटत मध्यरेषेपर्यंत गेला तर त्याला कोण अडवणार? वेल्सचा रूज नावाचा गोली तर त्यासाठीच गाजलेला. आणि मध्यरेषेवरून लाथ घातली, तर समोरचा गोल राहतो पन्नास-पंचावन्न यार्डांवर.

१९१२ मध्ये नियम बदलला. हात फक्त पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोर आखलेल्या चौकटीत. मुलाला पाटी-पेन्सिल द्या नि गणित करायला लावा : मैदान ११० यार्ड लांब, ७५ यार्ड रुंद धरलं, तर अर्धं मैदान ४१२५ चौरस यार्ड. बॉक्स ४४ गुणिले १८, म्हणजे ७९२. गोलीची हद्द एका फटक्यात पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरली. रेषा सरकली की माणसाचं काय होतं, हे आपल्या सीमाभागात कुणाला समजावून सांगायला नको.

मला स्वतःला ती रेषा चांगलीच महागात पडली आहे. आमच्या वेळेला बेळगावात जुलैतही सामने व्हायचे. एका फायनलला पाऊस असा, की सकाळी रेषांवर मारलेली चुन्याची फक्की दुपारपर्यंत लाल चिखलात धुऊन गेलेली. उंच चेंडू आला, मी पुढं जाऊन अलगद झेलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पंचांनी शिट्टी. मी बॉक्सच्या बाहेर होतो म्हणे. फ्री किक, गोल, सामना गेला. तीसेक वर्षं मी पोरांना पीटी शिकवली, पण ‘म्हणे’ हा शब्द अजून सुटत नाही तोंडातून.

म्हणून मला ब्राउनलीचा तो गोल तेवढा मोठा वाटत नाही. गडी थर्ड लानार्कला आला १९०६ मध्ये आणि राहिला १९२३ पर्यंत. सतरा वर्षं, एकच क्लब! पहिली सहा वर्षं जुन्या मोकळ्या हद्दीत काढली, पुढची अकरा नव्या चौकटीत. वयाच्या सत्ताविशीत सवयी पक्क्या झालेल्या असतात. पाय आपोआप पुढं धावतात आणि हात मागं आवरायचा असतो. तरी त्याची जागा हलली नाही, ना क्लबात ना देशाच्या संघात. १९०९ ते १९१४ मध्ये तो स्कॉटलंडकडून १६ सामने खेळला. सोळाच का, म्हणून नाक मुरडू नका. तेव्हा वर्षाला तीनच आंतरराष्ट्रीय सामने असायचे : इंग्लंड, वेल्स, आयर्लंड. सहा वर्षांत अठरा, त्यातले सोळा याचे. मग महायुद्ध लागलं, ते सामनेच थांबले. ऐन एकोणतिशीत.

१९०९ वरून आठवलं. तोवर गोली संघाच्याच रंगाचा शर्ट घालून उभा राहायचा. गर्दीत चेंडूला हात कुणाचा लागला, पंचानं ओळखायचं कसं? त्या साली गोलीचा शर्ट वेगळ्या रंगाचा ठरला. तुमच्या मुलीची जर्सी वेगळी असते ती तेव्हापासून.

ब्राउनलीचं गाव ब्लँटायर, कोळशाच्या खाणींचा मुलूख. आणि क्लबाचं मूळ फौजेत : लानार्कशरच्या रायफल स्वयंसेवकांनी तो १८७२ मध्ये काढला. आपल्या बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं बूट बांधून मैदानात उतरताना पाहिली की मला हे हटकून आठवतं.

खेळ सोडल्यावर ब्राउनली डंडीच्या क्लबाचा मॅनेजर झाला. त्याच १९२३ मध्ये त्या क्लबानं डंडी युनायटेड हे नाव घेतलं, आणि १९२५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवून तो वर चढला. थर्ड लानार्क मात्र १९६७ मध्ये बुडाला. त्याच्या आधी सहाच वर्षं एका हंगामात लीगमध्ये शंभर गोल मारलेला क्लब! त्यांचं कॅथकिन पार्क अजून आहे, पायऱ्यांच्या मधून झाडं वाढलीत.

मुलीला एक सांगा. पावसात सामना असेल तर आधी गोलरेषेपासून अठरा यार्ड, म्हणजे साडेसोळा मीटर, पावलांनी मोजून ठेवायचे. माझी वीस पावलं भरायची. तिची तेवीस-चोवीस भरतील.